बंद करायची तारीख

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘एएलएस : प्रायोगिक उपचार आणि रुग्णाने विचारायचे पाच प्रश्न’. पन्नास मिनिटं दिली आहेत. म्हणजे प्रश्नाला दहा मिनिटं, असा आयोजकांचा हिशोब असणार. मी बत्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि एकही तास वेळेत संपवल्याचं मला आठवत नाही. माझे दोन विद्यार्थी तिसऱ्या रांगेत बसलेत, बघा कशा माना हलवताहेत.

आज इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरात हा आजार येऊन गेलाय, काहींच्या घरात आत्ता आहे. त्यामुळे तो काय असतो ते मी फार सांगत बसत नाही. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजत जातात, आणि हात, पाय, जीभ, श्वास एकेक करून थकत जातात, एवढंच. आपल्याकडे डॉक्टर एमएनडी म्हणतात, अमेरिकेत एएलएस. आजच्यापुरतं दोन्ही एकच धरू. एक मात्र आधीच मिटवून टाकतो, कारण दर भाषणानंतर कुणीतरी उठून विचारतंच, “पण सर, हॉकिंग?” स्टीफन हॉकिंगला १९६३ साली निदान झालं, वय २१, आणि तो गेला २०१८ मध्ये. पंचावन्न वर्षं. खरी गोष्ट आहे. पण बहुतेकांना निदानानंतर मिळतात ती दोन ते पाच वर्षं. आमच्या गल्लीच्या टीममध्ये तेंडुलकर एकदा खेळून गेला म्हणून गल्लीची सरासरी काढताना त्याची शतकं धरायची नसतात. तेंडुलकर खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो आपल्याकडून खेळेल असं धरून बजेट करू नका, इतकंच.

आता माझ्या दादाबद्दल. हे दहा मिनिटांत आटपायचं ठरवून आलोय.

दादा सांगलीत एका सहकारी बँकेत कॅशियर होता. ओल्या स्पंजला अंगठा लावून बंडल मोजायचा तेव्हा समोरचा गिऱ्हाईक आपलं काम विसरून बघत राहायचा. २००६ च्या दिवाळीच्या सुमाराला त्याचा अंगठा बिघडला. नोटा सुटेनात, दोन-दोन एकदम जायला लागल्या. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसत चालला होता, करंगळीची बाजू मात्र ठणठणीत. या आजारात पुष्कळदा असंच होतं, अंगठ्याची बाजू आधी जाते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्ही म्हणायचो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यास, हात कंटाळला असेल. मग मानेचा पट्टा झाला. मालिश झाली. कुणीतरी ‘नस दबलीय’ म्हणालं. आपल्याकडे नस दबली नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शेवटी २००७ च्या जूनमध्ये मुंबईला एका न्यूरॉलॉजिस्टनं नाव सांगितलं आणि रिलुझोल लिहून दिलं. १९९५ पासून ते एकच औषध होतं. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, “यानं सरासरी दोन-तीन महिने वाढतात.”

दादानं विचारलं, “कुठले? मधले की शेवटचे?”

डॉक्टर गप्प झाले. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक, मीही गप्प. हा प्रश्न मी नंतर वर्गात दरवर्षी घातला. त्याचं बरं उत्तर एकाही पेपरात आलं नाही.

तर २००८ चा फेब्रुवारी. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्यानं इटलीतला एक शोधनिबंध पाठवला, नुकताच छापून आलेला. एएलएसचे ४४ रुग्ण, सगळ्यांना रिलुझोल चालू, त्यातल्या १६ जणांना जोडीला लिथियम. पंधरा महिन्यांनी नुसत्या रिलुझोलवाल्या २८ जणांपैकी २९ टक्के, म्हणजे आठजण गेलेले. लिथियमवाल्या सोळांपैकी एकही नाही.

लिथियम म्हणजे काही चंद्रावरून आणायचं औषध नव्हे. मानसोपचारात कित्येक दशकं वापरतात, चौकातल्या दुकानात मिळतं. वहिनींच्या गुडघ्याच्या गोळ्या त्याहून महाग होत्या. मी निबंध वाचला आणि धंद्याच्या सवयीनं नाक मुरडलं. दादाला म्हटलं, सोळा म्हणजे किती रे? एसटीतल्या पुढच्या चार रांगा. आमच्याकडे एक ठोकळ नियम आहे. सोळात शून्य मृत्यू दिसले तर तीन भागिले सोळा करायचं. खरं प्रमाण शेकडा अठरा-एकोणीसपर्यंतसुद्धा असू शकतं. नुसत्या नशिबानंही शून्य येतं.

दादा म्हणाला, “हे सगळं बरोबर असेल. तू मला एवढंच सांग, मोठ्या चाचणीचा निकाल कधी लागेल?”

म्हटलं, दोन-तीन वर्षं.

“मग तो निकाल तू वाचशील,” तो म्हणाला.

मंडळी, आम्ही शिकलेली माणसं ‘पुरावा नाही’ असं म्हणतो तेव्हा बोलणं संपलं असं समजतो. रुग्णाचं बोलणं तिथं सुरू होतं. त्याला पुरावा नाही हे कळत नसतं असं नाही. पुराव्याचं घड्याळ आणि त्याचं घड्याळ वेगळ्या वेगानं चालतंय, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असतं. घड्याळावरून आठवलं, पंखा जरा कमी कराल का? कागद उडताहेत. धन्यवाद.

एका ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम लिहून दिलं, रक्तातली पातळी आणि किडनी वेळच्या वेळी तपासायची या अटीवर. पण दादानं गोळी लगेच घेतली नाही. आधी त्यानं एक वही आणायला लावली, लाल कापडी पुठ्ठ्याची, रोजकीर्दीची. म्हणाला, आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय खातं उघडत नाही. सहा आठवडे तो गोळीविना नोंदी करत बसला. म्हणजे तो सांगायचा, वहिनी लिहायच्या. शर्टाची बटणं लावायला किती मिनिटं. जिन्याच्या किती पायऱ्या. आणि एका श्वासात किती आकडे म्हणता येतात. ही शेवटची युक्ती वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरची. श्वास किती टिकतो ते घरबसल्या कळतं. फेब्रुवारीच्या मध्याला दादाचे ३६ आकडे होत होते. पहिली गोळी घेतली १ एप्रिलला. का? नवीन आर्थिक वर्ष! त्या दिवशी ३३.

त्या वहीचं पहिलं पान मी तुम्हाला वाचून दाखवतो. “लिथियम बंद करायची तारीख : ३० सप्टेंबर २००८. तोपर्यंत घसरण निम्म्यावर आली नाही तर गोळी बंद. कुणीही आग्रह करू नये.” खाली अंगठा. सही तोवर होत नव्हती. साक्षीदार म्हणून माझी सही. बँकवाल्यांना कळलं असेल, ३० सप्टेंबर म्हणजे सहामाही बंद.

मेमध्ये एका सकाळी ३५ आकडे झाले. घरात शिरा झाला. पुतण्याला रात्री फोन झाला, तो तिकडे रडला. माझं सांगतो, मी, ज्यानं नाक मुरडलं होतं, मी त्या रात्री झोपलो नाही, नुसता ‘सोळात शून्य, सोळात शून्य’ करत होतो. पुढच्या आठवड्यात ३१. तीस सप्टेंबरला २१. सहा महिन्यांत बारा, म्हणजे महिन्याला दोन. गोळीच्या आधी होती तीच घसरण. दादानं वही मिटायला लावली आणि गोळी बंद झाली.

मला पुष्कळ जण विचारतात, लिथियम नसतं तर याहून वाईट झालं असतं का? काय सांगू? तुलनेला ठेवायला माझ्याकडे दुसरा दादा नव्हता.

आणि आता गंमत ऐका. त्याच महिन्यांत जगात ठिकठिकाणी हेच चालू होतं. ब्राझीलमधला एक रुग्ण आणि अमेरिकेतल्या एका रुग्णाची मुलगी, या दोघांनी लिथियम घेणाऱ्यांच्या नोंदी गोळा करायला सुरुवात केली. ‘पेशंट्सलाइकमी’ म्हणून रुग्णांनीच आपले आकडे भरायची इंटरनेटवर एक जागा होती. ती उभी केली हेवूड बंधूंनी, त्यांच्या तिसऱ्या भावाला, स्टीफनला, एएलएस झाला होता म्हणून. तिथं लिथियम घेणाऱ्या १४९ जणांचा हिशोब लागला आणि २०११ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आला. त्यांनी केलं काय? प्रत्येक लिथियमवाल्याला औषधाच्या आधी त्याच्याच वेगानं घसरणारे, पण लिथियम न घेतलेले जोडीदार शोधले. म्हणजे आरंभीची शिल्लक जुळवून घेतली! आमच्या दादाची रोजकीर्द, फक्त मोठी. निकाल : काही फरक नाही. दरम्यान अमेरिका-कॅनडातली, लिथियम कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी ८४ रुग्णांवरच थांबवावी लागली, फायद्याची आशा उरली नव्हती. निकाल २०१० मध्ये आला. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या २१४ रुग्णांच्या चाचणीनंही तेच सांगितलं. सोळांचं ते शून्य पुन्हा कुणाला सापडलं नाही.

‘चिठ्ठ्या टाकून’ला पाठ्यपुस्तकात ‘यादृच्छिक’ म्हणतात. तो शब्द मी बत्तीस वर्षं शिकवला आणि एकाही विद्यार्थ्यानं पहिल्या फटक्यात बरोबर लिहिला नाही, म्हणून चिठ्ठ्याच बऱ्या.

मेमधला शिरा का झाला, तेही सांगतो, कारण गावोगावचे वैद्य, बाबा आणि क्लिनिकं त्याच शिऱ्यावर जगतात. जुन्या चाचण्यांमधल्या तीन हजारांवर रुग्णांच्या नोंदी अमेरिकेत तपासल्या गेल्या, २०१६ मध्ये छापून आल्या. आपली समजूत काय, हा आजार जिन्यावरून चेंडू घरंगळावा तसा खालीच जातो. पण चारांतला एक रुग्ण सहा महिने जिथल्या तिथं थांबलेला होता. दीड वर्ष थांबलेले शंभरात सात. मोठी सुधारणा टिकलेले शंभरात एकसुद्धा नाही. म्हणजे मी उद्या रुग्णांना इथल्या विहिरीचं पाणी वाटलं, तर सहा महिन्यांनी चारांतला एकजण छातीवर हात ठेवून सांगेल, “सरांच्या पाण्यानं आजार थांबला.” तो खोटं बोलत नसेल. त्याचा मुलगा आणखी दहा जणांना घेऊन येईल. मी विहीर विकत घेईन.

आता तक्रार. आयोजक म्हणालेत, नाव घेऊ नका. घेत नाही.

जानेवारी २००९. एका मोठ्या शहरातलं क्लिनिक. काचेचं दार, मत्स्यालय, कोपऱ्यात गणपती. स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, साडेतीन लाख, एकदम भरले तर सूट. सूट म्हणजे काय हो? साडी आहे का ती? भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ चालू, ‘आधी’ आणि ‘नंतर’. दादाची जीभ तोवर जड झाली होती, पण त्यानं एकेक शब्द लावून तिथल्या समुपदेशक मुलीला विचारलं, “किती जणांना दिलं? त्यातले किती आज चालतात?” ती गोड हसून म्हणाली, “काका, निगेटिव्ह विचार करू नका. पेशींवर परिणाम होतो.” हसू नका. म्हणजे हसा, पण तेव्हा आम्ही हसलो नव्हतो. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक मत्स्यालयातले मासे मोजत बसलो. अकरा होते.

तुम्ही म्हणाल, सहामाही बंद करणारा हा माणूस तिथं गेलाच कसा? मीही गाडीत हेच विचारलं, जरा चिडूनच. तो म्हणाला, “मला खुळा समजू नकोस. तुझी वहिनी चार महिने झोपलेली नाही. मी तिच्या झोपेचे पैसे भरतोय.” आणि पुतण्यानं पैसे पाठवले होते, इतक्या लांबून दुसरं काय पाठवणार? प्रायोगिक उपचार रुग्ण एकटा घेत नाही, सगळं घर घेतं, आणि बऱ्याचदा घरासाठी रुग्ण घेतो. हे कुठल्याही संमतिपत्रात लिहिलेलं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी क्लिनिकनं व्हिडिओ काढला. “हात वर करा काका. अजून थोडा. स्माइल.” तीन दिवस सलाइन, आराम, रोज दोन वेळा व्यायाम, चार माणसं भोवती; हात वर गेला. तिसाव्या दिवशी व्हिडिओ काढायला कुणी आलं नाही. सहाव्या महिन्यात कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये दादा गेला, तेही त्यांना माहीत नाही. फोन मात्र एकदा आला होता. बिलात अठराशे रुपये राहिले होते म्हणून.

पैशाचा हिशोब अठराशे रुपयांपर्यंत चोख, आणि माणसाचा हिशोब कुणी लिहिलाच नाही! पैसे घेतले म्हणून मला राग नाही. रिलुझोलवालाही पैसे घेतो. दादाच्या पाठीच्या कण्यात सुई घातली आणि त्यातून काय झालं हे कुणालाही कळू नये अशी व्यवस्था केली, याचा राग आहे. दादा कुणाच्या सोळांत नाही आणि कुणाच्या अठ्ठाविसांतही नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, स्टेम सेलबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं तेव्हाही होती, २००७ ची. त्यांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असं होतं. २०१३ च्या आवृत्तीत नावातला ‘उपचार’ शब्दच काढून टाकला. रक्ताचे काही आजार वगळले तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, विकायचं नाही, २०१७ मध्येही हेच म्हटलंय. माझ्या तक्रारीवर त्या क्लिनिकचं उत्तर आलं की ते देतात ती ‘सहायक पद्धती’ आहे. शब्द निघाला की दुसरा शब्द येतो. त्यावर माझी एक फाइल आहे, ती...

चिठ्ठी आली. “सर, ८ मिनिटं. पाच प्रश्न राहिले.” खाली रेघ मारलीय.

बरं, पळतो.

पहिला प्रश्न आपला आपल्यालाच : माझी आरंभीची शिल्लक काय, आणि बंद करायची तारीख कोणती? गोळी घ्यायच्या आधी लिहायचं. नंतर लिहिलं की मन तारीख पुढं ढकलतं. हे करून दाखवणारी एक कंपनीसुद्धा निघाली. अमेरिकेत ॲमिलिक्स नावाची, दोन तरुण पोरांनी काढलेली. त्यांच्या औषधाची १३७ जणांवर चाचणी झाली, रुग्णाला रोजची कामं किती जमतात ते मोजणाऱ्या ४८ गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे सव्वादोन गुणांचा फरक आला. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएच्या सल्लागार समितीनं मार्च २०२२ मध्ये सहा विरुद्ध चार मतांनी नको म्हटलं आणि सप्टेंबरात सात विरुद्ध दोन मतांनी हो म्हटलं. मधल्या काळात रुग्णांनी आकांत केला होता. त्या सप्टेंबरच्या बैठकीत कंपनीनं शब्द दिला, मोठ्या चाचणीत अपयश आलं तर औषध मागे घेऊ. मंजुरी मिळाली, किंमत वर्षाला १ लाख ५८ हजार डॉलर. मार्च २०२४ मध्ये ६६४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, फरक नाही. एप्रिलमध्ये औषध बाजारातून काढलं. पैसे फुकट गेले म्हणून कुणी ओरडलं असेल, पण खातं बंद झालं. मघाच्या त्या क्लिनिकचं अजून उघडं आहे.

दुसरा : किती जणांना दिलं आणि शेवटपर्यंत किती जणांना मोजलं? ‘खूप जणांना’ हे उत्तर नव्हे. व्हिडिओ हे उत्तर नव्हे.

तिसरा : ‘घेऊन बघायला हरकत काय’ असं कुणी म्हटलं तर विचारा, हरकत मोजलीय का? मिनोसायक्लिन, साधं अँटिबायोटिक, मुरुमांवर देतात. उंदरांमध्ये छान चाललं म्हणून एएलएसच्या ४१२ रुग्णांवर चाचणी केली. २००७ चा निकाल : औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा साधारण पाव पटीनं जास्त वेगानं घसरले. मरणाच्या दारातल्या माणसालाही गमावण्यासारखं असतं. दादाच्या हिशोबानं महिन्याला दोन आकडे असतं.

चौथा : पैसे कोण भरतंय, आणि नोंद कुठंय? खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. भारतात २००९ च्या जूनपासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणं सक्तीचं आहे, घरबसल्या बघता येते. नोंद आहे म्हणजे औषध चांगलं आहे असं नाही, मोजणारा कुणीतरी आहे इतकंच. तुलनेसाठी काहींना औषधाऐवजी साखरेची गोळी देतात. चिठ्ठीत आपल्याला तीच आली तर? या भीतीनं पुष्कळ जण जात नाहीत. बॉस्टनच्या हीली चाचणीत त्यावर तोड काढलीय, बऱ्याच औषधांना मिळून साखरेच्या गोळीचा एकच गट. तिथं चारांतल्या तिघांना खरं औषध मिळतं.

पाचवा, आणि यासाठी खरं तर मला अर्धा तास हवा होता : हे औषध माझ्या एएलएससाठी आहे का? एएलएस हा एक आजार नसावा. शंभरातल्या सुमारे दोघांना एसओडी१ जनुकातल्या बिघाडानं होतो. त्यांच्यासाठी टोफर्सेन नावाचं औषध आलंय, एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर, पाठीच्या कण्यातून देतात. १०८ जणांच्या चाचणीत अठ्ठावीस आठवड्यांसाठी आधी ठरवलेला निकष गाठता आला नाही, तरी चेतापेशींच्या झिजेची रक्तातली खूण मात्र खाली आली. वर्षभर मोजत राहिल्यावर लवकर सुरू केलेल्यांची घसरण कमी दिसली. अठ्ठाविसाव्या आठवड्याला वही मिटली असती तर औषध गेलं असतं. म्हणजे मी मघापासून बंद करायची तारीख, तारीख म्हणून ओरडतोय, त्याच्या विरोधातला हा पुरावा आहे, आणि तो मी लपवत नाही. तारीख कुठली धरायची हे अवघड आहे. घरात आणखी कुणाला हा आजार होता का, एवढं मात्र न्यूरॉलॉजिस्टला नक्की सांगा, जनुक तपासून घ्या.

दुसरी चिठ्ठी आली, नुसतंच उद्गारचिन्ह आहे. थांबतो. दाराजवळच्या टेबलावर लाल पुठ्ठ्याच्या पंचवीस कोऱ्या वह्या ठेवल्यात. ज्यांच्या घरात गरज आहे त्यांनी घ्या, पैसे नकोत. दादाची वही मात्र वाचून झाली की परत ठेवा. मागच्या भाषणाला ती एकजण घरी घेऊन गेले होते, दोन महिने मिळाली नाही.